मासळी धुतलेल्या पाण्याचा पंप: घेताना काय बघायचं आणि टिकवायचा कसा



लिलाव हॉलच्या मागच्या टाकीतला पंप बसला की ग्रुपवर सल्ल्यांना भरती येते. कोणी म्हणतं बोअरचाच सबमर्सिबल टाका, स्वस्तात मिळेल. कोणी म्हणतं दोन एचपी घ्या, कटकट मिटेल. म्हणून हा विषय आज नीट मांडतोय. बोटमालक, बर्फ कारखाना चालवणारे आणि मासळी साफ करून विकणाऱ्या आमच्या मावश्या-ताई, सगळ्यांनाच तो लागू आहे.

सुरुवात करू इंदूरपासून. दर्यापासून एवढ्या लांबच्या शहराशी आपलं काय घेणंदेणं, असं वाटेल. पण ऑगस्ट २०२१ मध्ये देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर म्हणून इंदूरचं नाव जाहीर झालं, आणि ते सांडपाण्याच्या कामासाठी. महापालिकेच्या आकड्यांप्रमाणे लहानमोठ्या २५ नाल्यांत उघडी पडणारी १,७४६ सार्वजनिक आणि ५,६२४ घरगुती सांडपाण्याची तोंडं शोधून बंद केली आणि ते पाणी गटारवाहिनीत घेतलं. ते कबीटखेडीच्या केंद्रात जातं. तिथल्या मोठ्या केंद्राची क्षमता दिवसाला २४.५ कोटी लिटर आहे. इंदूरला पाण्याची किंमत कळते त्याला कारण आहे. त्यांचं पिण्याचं पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून, नर्मदेतून, चारशे मीटरहून जास्त उंच चढवून आणावं लागतं. विजेचं बिल भरून आणलेलं पाणी कोण नाल्यात सोडील?

पण त्याच इंदूरची दुसरी बाजूही बघा. शहरातून वाहणारी कान्ह नदी पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. २०१६ च्या सिंहस्थाआधी कान्हचं घाण पाणी क्षिप्रेत जाऊ नये म्हणून ते पाइपातून वळवून पुढे खाली सोडायची योजना केली गेली. म्हणजे घाण पुढे सरकली, संपली नाही. पंपाचंही तसंच. पंप पाणी शुद्ध करत नाही, फक्त हलवतो. रक्ताचं आणि आतड्यांचं पाणी खाडीत फेकलं तर ते खाडीतला प्राणवायू खातं, आणि पिल्लं वाढतात ती त्याच खाडीत. तेव्हा पंप घेण्याआधी ठरवा, पाणी जाणार कुठे? शुद्धीकरण टाकीत, की नगरपालिकेच्या गटारात? उंची आणि अंतर त्यावरच ठरतं.

आणखी एक. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस इंदूरच्याच भगीरथपुरा भागात पिण्याच्या लाइनमध्ये सांडपाणी मिसळलं आणि माणसं दगावली. एवढा नावाजलेला गाव, तरी हे घडलं. आपल्या जेटीवर बर्फाच्या पाण्याची लाइन आणि पंपाची डिलिव्हरी एकाच चरात टाकलेली असते का, ते जाऊन बघा. असेल तर पंपाआधी ते काम करा.

आता पंप. बाजारात 'सबमर्सिबल' या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू मिळतात. बोअरचा लांबडा पंप स्वच्छ पाण्यासाठी असतो. त्यात एकावर एक बारीक इम्पेलर असतात, आणि मुठभर खवले गेले की तो चोंदतो. दुसरा पाणी उपसायचा डिवॉटरिंग पंप. पायाच्या खड्ड्यातलं गढूळ पाणी, थोडी वाळू हे तो ओढतो, पण खाली जाळी असल्यामुळे चिंध्या, आतडी आली की जाळीच बंद. तिसरा तो आपला, म्हणजे सिवेज पंप. याच्या नेमप्लेटवर किंवा पत्रकावर 'सॉलिड साइज' लिहिलेला असतो, म्हणजे किती मिलिमीटरचा तुकडा न अडकता जाईल. दुकानदाराने एचपी सांगितला आणि हा आकडा सांगितला नाही, तर समजा तो अर्धीच गोष्ट सांगतोय.

सिवेज पंपातही इम्पेलरचे प्रकार आहेत. व्होर्टेक्स इम्पेलर मागे सरकवून बसवलेला असतो. पाण्याचा भोवरा होतो आणि बराचसा कचरा इम्पेलरला न शिवता निघून जातो. तो वीज थोडी जास्त खातो, पण अडकतो कमी. कटरवाल्या पंपात पाती असतात, ती कापड-प्लास्टिक कापतात. कटर म्हटलं की सगळ्यांचे डोळे चमकतात, पण आपल्याकडचा खरा शत्रू नायलॉनचा धागा. जाळ्याचा तुटका तुकडा शाफ्टला गुंडाळतो, सीलपर्यंत पोचतो आणि सील कापतो. नायलॉनने आणि वाळूने पातीही बोथट होतात. आमचं मत स्पष्ट आहे: मासळीच्या पाण्याला व्होर्टेक्स घ्या, आणि टाकीत पाणी येतं त्या तोंडावर उचलून झाडता येईल अशी जाळीची टोपली लावा. ती रोज लिलाव संपल्यावर रिकामी करायची. टोपलीचे पैसे पंपाच्या एका रिवाइंडिंगपेक्षा कमीच होतील.

मग एचपी किती? इथे अंदाजाने काम करू नका, हिशेब सोपा आहे. समजा टाकीतलं पाणी जमिनीखाली ३ मीटर आहे आणि ते जमिनीवर ४ मीटर उंच टाकीत सोडायचंय. झाले ७ मीटर. पाइप ४० मीटर लांब, आतून दोन इंची. तासाला १०,००० लिटर काढायचं तर पाइपातल्या घर्षणाला सुमारे २ मीटर जातात, बेंड आणि व्हॉल्व्हला आणखी एक धरा. म्हणजे १० मीटर हेडला तासाला १०,००० लिटर, हा तुमचा आकडा. सिवेज पंपाची कार्यक्षमता कमी असते, त्यामुळे १ एचपी जेमतेम पुरतो; १.५ एचपी बरा. पत्रकातला 'कमाल हेड' बघून फसू नका. त्या हेडला पाणी शून्य येतं! १० मीटरला किती पाणी येतं, ते तक्त्यात बघायचं.

किती पाणी काढायचंय हेच माहीत नसेल तर गर्दीच्या दिवशी, बोटी लागल्या असताना, टाकी किती मिनिटांत किती चढते ते काठीने मोजा. लांबी गुणिले रुंदी गुणिले चढलेली उंची. मीटरमध्ये मोजलं की घनमीटर मिळतात, आणि एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर.

'पाइप मोठा टाका, बरं असतं' हा सल्लाही सरसकट खरा नाही. याच उदाहरणात दोन इंची पाइपात पाण्याचा वेग सेकंदाला १.४ मीटर येतो. तीन इंची टाकला तर अर्ध्या मीटरच्या आसपास उतरतो, आणि एवढ्या हळू पाण्यात वाळू-खवले तळाला बसतात. वेग ०.७ मीटरच्या खाली नको, उभ्या पाइपात तर मीटरभर हवाच. फक्त एवढं बघा की पंपाच्या सॉलिड साइजपेक्षा पाइप अरुंद नको.

इंदूर पठारावर आहे, तिथे पाण्याला उतार मिळतो. आपल्याकडे सपाट किनारा आणि वर भरती. उधाणाला गटाराचं तोंड पाण्याखाली गेलं की पाणी उलटं टाकीत येतं, आणि पंप रात्रभर दर्या उपसत बसतो. म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लागतोच, तोही झडपेचा नाही तर बॉलचा, म्हणजे धागा अडकून उघडा राहणार नाही. आणि पाइपाचं तोंड उधाणाच्या रेषेच्या वर ठेवा.

खाऱ्या पाण्याचा मुद्दा दुकानात सहसा कोणी काढत नाही. मासळी समुद्राच्या पाण्याने धुतली जात असेल तर साधं बिडाचं आवरण झिजतं, आणि 'स्टेनलेस' म्हणून विकलेलं एसएस ३०४ सुद्धा टिपक्या-टिपक्यांनी पोखरतं. एसएस ३१६ मागा. महाग पडतंय? मग बिडाचा जाड पंप घ्या, चांगला इपॉक्सी रंग चढवा आणि बोटीच्या तळाला लावतो तसं झिंक पंपाला लावा. रंगवल्यावर झिंक रंगवू नका म्हणजे झालं. ते झिजण्यासाठीच असतं. सील दोन असावेत, खालचा सिलिकॉन कार्बाइडचा. मोटर आयपी ६८ ची आणि गावात रिवाइंड होणारी असावी. पंप कितीही नावाजलेला असला तरी सीलचा सेट जवळच्या शहरात मिळत नसेल तर उपयोग नाही. किर्लोस्करवाडीसारखी पंपाची जुनी गावं आपल्याच राज्यात आहेत, इंदूरशेजारी देवासलाही किर्लोस्करांचा कारखाना आहे, माल सगळीकडे येतो. पण सुट्या भागांचं विचारून मगच ॲडव्हान्स द्या. कुठल्या कंपनीची शिफारस आम्ही करत नाही.

बसवताना फ्लोटकडे लक्ष द्या. पंप सारखा चालू-बंद झाला की मोटर तापते. तासाला १० वेळाच चालू व्हावा असं धरलं, तर वरच्या उदाहरणात चालू आणि बंद या दोन पातळ्यांमध्ये निदान २५० लिटर पाणी हवं. एक मीटर बाय एक मीटरच्या टाकीत ते २५ सेंटिमीटर होतं, ४० ठेवा. बंद होण्याची पातळी मोटरच्या खाली नेऊ नका, कारण मोटरला गार ठेवतं ते बाहेरचं पाणीच. (जॅकेटवाला पंप असेल तर वेगळं.) आणि मासळीचं तेल! ते वर तरंगतं, फ्लोटवर थर धरतं, आणि फ्लोट भिंतीला चिकटून बसतो. पंप जळाला म्हणून ओरड होते, पण कित्येकदा जळण्याचं मूळ हा थर असतो. पंधरा दिवसांनी फ्लोट गरम पाण्याने धुवा.

विजेत हात आखडू नका. ओल्या लादीवर आपल्या बायका अनवाणी बसतात. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, चांगलं अर्थिंग, आणि नेमप्लेटच्या अँपिअरवर लावलेला ओव्हरलोड रिले एवढं असल्याशिवाय पंप सुरू करू नये. केबलला जोड पाण्याखाली नको. केबल धरून पंप उचलायचा नाही, साखळीने उचलायचा. केबल ओढली की ग्लँडमधून पाणी शिरतं. थ्री-फेजमध्ये पाणी कमी येऊन पंप थरथरत असेल तर तो उलटा फिरत असेल, वायरमनकडून दोन फेज बदलून घ्या.

देखभालीला महिन्यातली पंधरा मिनिटं पुरतात. क्लॅम्प मीटरने अँपिअर बघून वहीत लिहा. नेहमीपेक्षा वाढले तर काहीतरी अडकलंय किंवा बेअरिंग जातंय. कमी झाले आणि पाणीही कमी, तर पाइप चोंदलाय किंवा इम्पेलर झिजलाय. वायरमनकडून मेगर लावून घ्या. इन्सुलेशन एक मेगाओहमच्या खाली आलं तर पंप बाहेर काढा, तो जळायची वाट बघू नका. सहा महिन्यांनी सीलच्या कप्प्यातलं तेल बघा. तेल दुधासारखं दिसलं तर खालचा सील गेला. त्या वेळी सील बदलला तर मोटर वाचते. प्लग उघडताना वर फडकं धरा आणि हळू फिरवा, आत दाब असू शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पंप अडकला म्हणून टाकीत कोणी उतरायचं नाही. मिनिटभरासाठीही नाही.

एप्रिल २०२२ मध्ये मंगळूरजवळ बजपे इथल्या मासळी प्रक्रिया कारखान्यात कचरा-पाण्याच्या टाकीत एक कामगार पडला. त्याला काढायला साथीदार एकामागोमाग उतरले. पाच जण गेले, सगळे पश्चिम बंगालमधून पोटासाठी आलेले. कुजलेल्या मासळीतून हायड्रोजन सल्फाइड निघतो. तो हवेपेक्षा जड, टाकीच्या तळाशी साचतो. आधी कुजक्या अंड्याचा वास येतो, पण गॅस वाढला की नाकच बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. 'आता वास नाही, उतर' हे वाक्य म्हणूनच जीव घेतं. बोटीच्या खणात मासळी कुजून पाणी साचलं असेल तर तिथेही हाच गॅस असतो. खलाश्यांना हे सांगून ठेवा. कोणी पडला तर मागे उडी मारायची नाही; अग्निशमन दलाला फोन, झाकणं उघडी, आणि दोर असेल तर वरूनच ओढायचं.

म्हणून पंप बसवतानाच गाइड पाइप आणि साखळी लावा, म्हणजे तो वरून उचलता येईल. थोडे पैसे जास्त जातात. ज्या टाकीतला पंप माणूस उतरल्याशिवाय निघत नाही, ती टाकी चुकीची बांधलीय असं समजा. २०१३ च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टाकीत माणसाला असुरक्षितपणे उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारातल्या मृत्यूची भरपाई ३० लाख केली. पण घरातला माणूस गेल्यावर ३० लाखांचं काय करायचं?

बोटमालकांसाठी थोडकं: हा २३० व्होल्टचा पंप बोटीच्या तळातलं पाणी काढायला वापरू नका. बोटीला १२ किंवा २४ व्होल्टचा बिल्ज पंपच. आणि इंजिनचं तेल मिसळलेलं पाणी बंदरात सोडू नका, ते कॅनमध्ये काढा. उद्या त्याच पाण्यात आपल्याच बोटी लागणार आहेत.

१ जूनला बंदी लागली की हॉल शांत होतो आणि पंप खाऱ्या गाळात पडून राहतो. तिथेच तो जाम होतो. पावसाचं पाणी काढायला लागणार असेल तर आठवड्यातून एकदा चालवा. नसेल तर वर काढा, गोड्या पाण्याने धुवा, पिंपात बुडवून दोन मिनिटं फिरवा आणि केबलचं टोक कोरडं, उंच बांधून ठेवा. तिथून ओल शिरली तर ती आतून थेट मोटरपर्यंत जाते. तेल-सीलचं काम याच दिवसांत उरका, नारळी पौर्णिमेच्या तोंडावर मेकॅनिक सापडत नाही. आणि नवीन पंप आला की पहिल्याच दिवशी नेमप्लेटचा फोटो काढून ग्रुपवर टाका. दोन वर्षांनी त्यावर गंज चढतो आणि मॉडेल नंबर कोणालाच वाचता येत नाही.