धुळीच्या जागी पाणी

मी बुलडाणा जिल्ह्यातला माणूस. मेहकरला माझं कृषी सेवा केंद्र आहे. आमच्याकडे 'पाणी वाढलं' ही बातमी कधी वाईट नसते. विहिरीला परसभर पाणी चढलं तरी शेतकरी दुकानात येऊन आधी ते सांगतो, मग बियाण्याचं बोलतो. धरण भरलं की खणानारळानं त्याची ओटी भरतात. त्यामुळे ऑगस्ट २०२३मध्ये केनियातल्या नाकुरू तळ्याच्या काठी आमचा वाटाड्या जेव्हा म्हणाला, "पाणी फार झालं, म्हणून पक्षी गेले," तेव्हा मी भाच्याला ते पुन्हा विचारायला लावलं. मला वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. पाणी आटलं म्हणून गेले, असं म्हणत असणार. पण वाटाड्यानं तेच वाक्य पुन्हा उच्चारलं. ते समजून घ्यायला मला पुढचे कित्येक महिने लागले.

नाकुरूचं वेड मला लोणारमुळे लागलं. लोणारचं सरोवर आमच्यापासून तासाभराच्या आत. माझं कॉलेज अर्ध्यावर सुटलं, पण या पाण्याला पापडखारासारखी चव का, हा लहानपणीचा प्रश्न काही सुटला नाही. उत्तर शोधता शोधता खाऱ्या तळ्यांविषयी हाती लागेल ते वाचत गेलो. अशातच एका दिनदर्शिकेवर नाकुरूचं चित्र पाहिलं: निळंशार तळं आणि त्याला रोहित पक्ष्यांची गुलाबी किनार, पैठणीच्या काठासारखी. ते पान कापून मी दुकानात गल्ल्यामागे चिकटवलं. बावीस वर्षं ते तिथेच आहे. भाचा नोकरीसाठी नैरोबीला गेला आणि एक दिवस फोनवर म्हणाला, "मामा, चित्र बघणं पुरे झालं. आता या."

नाकुरू नैरोबीच्या वायव्येला साधारण १६० किलोमीटरवर आहे. वाटेत एका ठिकाणी रस्त्याकडेची जमीन एकदम खाली उतरते आणि समोर मैलोन्‌मैल पसरलेलं खोरं दिसतं. हीच ती पूर्व आफ्रिकेची खचदरी. इथे जमीन अतिशय संथपणे दुभंगते आहे, मधला पट्टा खचला आहे आणि त्या तळाशी तळ्यांची माळ आहे. नाकुरू त्यातलं एक, समुद्रसपाटीपासून सुमारे १,७५० मीटर उंचीवरचं.

या तळ्यात नद्या येतात, पण तळ्यातून एकही बाहेर पडत नाही. आजूबाजूचा खडक ज्वालामुखीचा. त्यातून झिरपणारं पाणी सोडियम आणि कार्बोनेट सोबत घेऊन येतं. मग ऊन पाणी उडवून नेतं आणि क्षार मागे राहतात. बासुंदी आटवताना दूध कमी होतं आणि साखर दाट होते, तसाच हा प्रकार, फक्त हजारो वर्षं चाललेला. लोणारचा जन्म उल्कापातातून झाला; पण तिथेही काळा बेसाल्ट आहे, बाहेर वाट नाही आणि ऊन तर आमचंच. म्हणून दोन्हीकडचं पाणी एकाच स्वभावाचं, साबणासारखं बुळबुळीत.

अशा पाण्यात बहुतेक जीव टिकत नाहीत, पण जो टिकतो त्याला स्पर्धक उरत नाही. नाकुरूत तो मान आर्थ्रोस्पिरा या सूक्ष्म, मळसूत्री आकाराच्या निळ्या-हिरव्या शेवाळाचा. औषधांच्या दुकानात स्पिरुलिना नावानं हिरव्या गोळ्या मिळतात, त्या याच कुळातल्या. लोणारच्या पाण्यातही त्याची नोंद झाली आहे. पाणी पुरेसं दाट असलं की हे शेवाळ इतकं माजतं की तळं वाटाण्याच्या आमटीसारखं दिसतं. आणि ही आमटी हेच छोट्या रोहिताचं मुख्य अन्न. चोच उलटी करून तो पाणी आत ओढतो; चोचीच्या आतल्या बारीक झालरीत शेवाळ अडकतं आणि पाणी बाहेर पडतं. पिसांचा गुलाबी रंगही या अन्नातूनच येतो. पिल्लू जन्मतं ते राखाडी. एका पक्ष्याला दिवसाला वाळल्या वजनाचं साठ-सत्तर ग्रॅम शेवाळ लागतं. एके काळी या तळ्यावर दहा लाखांहून जास्त पक्षी जमत, म्हणजे रोजचं साठ-सत्तर टन खाणं! माझ्या चित्रातली गुलाबी किनार म्हणजे खरं तर जेवणाची पंगत होती.

या पंगतीच्या रक्षणासाठीच उद्यान उभं राहिलं. १९६० साली इथे पक्षी अभयारण्य झालं, १९६८मध्ये राष्ट्रीय उद्यान. १९९० साली रामसर यादीत गेलेली ही केनियातली पहिली पाणथळ जागा. २०११मध्ये बोगोरिया आणि एलमेंटाइटा या शेजारच्या तळ्यांसह नाकुरू जागतिक वारसा ठरलं. दरम्यान उद्यानावर आणखी एक जबाबदारी आली. १९७०च्या सुमारास केनियात वीसेक हजार काळे गेंडे होते. शिंगांसाठीच्या शिकारीनं ते १९८०च्या दशकाअखेर चारशेच्याही खाली आले. उरलेल्यांना जपायला नाकुरूला चहूबाजूंनी विजेचं कुंपण घालण्यात आलं. गेंडे वाचले, वाढले.

आम्ही सकाळी साडेसहाला आत शिरलो. जुनं मुख्य प्रवेशद्वार पाण्याखाली गेल्यानं नवं मागे सरकवून बांधलं आहे. रानरेडे, झेब्रे, जिराफ दिसले. पाऊण तासानं गवतात दोन पांढरे गेंडे दिसले, आमच्याकडे ढुंकूनही न बघता चरणारे. भाचा खूश होता. मी मात्र झाडांच्या फटीतून तळं शोधत होतो.

तळं दिसलं आणि मी गप्प झालो. काठाशी पाण्यात शेकडो झाडं उभी होती, सगळी वठलेली, पांढरी पडलेली. ही पिवळ्या खोडाची बाभूळ. दलदलीजवळ वाढते, म्हणून जुन्या युरोपीय प्रवाशांनी हिवतापाचं खापर हिच्यावर फोडलं आणि नाव ठेवलं तापाचं झाड. तीच आता बुडून मेली होती. एक रस्ता सरळ पाण्यात उतरत होता. पलीकडे इमारतीचं छप्पर वर डोकावत होतं. स्वाहिलीत पाण्याला 'माजी' म्हणतात. माजी रस्ता, माजी कचेरी, माजी काठ, असं माझ्या मराठी डोक्यात आपोआप जुळत गेलं.

पक्षी होते, पण पांढरे. पेलिकन, म्हणजे आपले झोळीवाले. तेही मूळचे या पाण्यातल्या पंगतीचे नव्हेत. डासांच्या बंदोबस्तासाठी १९५०-६०च्या दशकांत इथे क्षार सोसणारा एक लहानसा मासा सोडला गेला. तो वाढला आणि मासेखाऊ पक्षी आले. रोहित दिसले ते दूर एका उथळ कोपऱ्यात, शे-दोनशे. मी खिशात पाण्याची आम्लता-अल्कता तपासायच्या पट्ट्या नेल्या होत्या, दुकानात माती-पाण्यासाठी ठेवतो त्याच. काठाशी जाऊ का, म्हणून विचारलं. वाटाड्या मला आदरानं 'म्झे', म्हणजे बुजुर्ग, म्हणत होता. पण परवानगी त्यानं दिली नाही. झुडपात रानरेडे होते. तेव्हाच तो ते वाक्य बोलला.

त्याचा अर्थ असा. पाणी वाढलं तरी क्षार तेवढेच राहतात, म्हणजे बासुंदीत दोन तांबे पाणी ओतल्यासारखं होतं. पाणी पातळ झालं की आर्थ्रोस्पिराचं राज्य संपतं. दुसरी शेवाळं शिरतात, ती रोहिताच्या कामाची असतातच असं नाही. शिवाय हा पक्षी उथळ पाण्यात उभा राहून खाणारा; काठ बुडून झाडीत शिरला की पाय टेकायला चिखलही उरत नाही. परत आल्यावर वर्षभरात, २०२४ साली, एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. केनिया, टांझानिया आणि इथिओपियातल्या रोहितांच्या २२ तळ्यांची दोन दशकांहून जास्त काळाची उपग्रह-चित्रं त्यात तपासली होती. २००९ ते २०२२ या काळात नाकुरूचं क्षेत्रफळ ९१ टक्क्यांनी वाढलं आणि शेवाळाचं प्रमाण सरासरी निम्म्यावर आलं, असा त्यात निष्कर्ष आहे. तळं जवळजवळ दुप्पट झालं आणि ताट अर्धं.

पाणी का वाढलं? पाणलोटात पाऊस वाढला, हे मुख्य कारण केनिया सरकारच्या २०२१च्या अहवालातही आहे. जोडीला माऊ डोंगररांगेतलं जंगल तुटलं. पाऊस मुरवणारी जमीन उघडी पडली, पाणी आणि गाळ थेट तळ्यात येऊ लागला. खचदरीतली इतर तळीही चढली. नाकुरूच्या काठच्या वस्त्यांमधली शेकडो कुटुंबं घरदार सोडून गेली. वाटाड्याच्या बहिणीचं घर त्यातच गेलं. हे सांगताना तो तळ्याकडे बघत नव्हता.

नाकुरू या मासाई नावाचा अर्थ 'धुळीची जागा' असा सांगतात. तळं आटलं की उघड्या तळावरून क्षारांची धूळ उठायची, त्यावरून. १९६१च्या सुमारास ते जवळपास कोरडं पडलं होतं, १९९०च्या दशकातही बरंच आटलं आणि तेव्हा रोहित मोठ्या संख्येनं मेलेही. म्हणजे माझ्या चित्रातलं गुलाबी तळं कायमचं कधीच नव्हतं. फार आटलं तरी पक्षी जात, फार भरलं तरी जात. जात कुठे? बोगोरियाला, एलमेंटाइटाला, दक्षिणेला नाट्रॉनला. या भागातले छोटे रोहित घरटी मुख्यतः तिथेच करतात. एक ताट रिकामं झालं की दुसरीकडे पान मांडलेलं असायचं. आता बरीचशी तळी एकाच वेळी भरत आहेत, आणि खरी काळजी ही आहे. गेंड्याला कुंपण वाचवू शकलं, कारण त्याचा शत्रू बाहेरून येत होता. रोहिताच्या अन्नाला कोणतं कुंपण घालणार? त्यासाठी वरचं जंगल, नद्या आणि तळ्यांची सगळी माळच सांभाळावी लागते, आणि ती तीन-चार देशांत पसरली आहे.

लोणारला जून २०२०मध्ये उलट घडलं होतं. पाणी घटलं, क्षार दाटले आणि सरोवर गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तो रंग क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांचा असल्याचं सांगितलं. पुढे पावसानं रंग धुऊन नेला. आम्ही तेव्हा फोटो काढले, पण पाणी किती होतं, किती खारं होतं, याची गावात कोणी नोंद ठेवली नाही. मीसुद्धा नाही.

नाकुरूहून परतल्यावर पहिल्याच रविवारी लोणारला उतरलो. चांगला पाऊस झाला होता. वाटेत भेटलेला एक ओळखीचा शेतकरी म्हणाला, "यंदा पाणी छान चढलं, भाऊ." मी हो म्हणालो. मग काठाशी बसून, केनियाहून तशीच परत आलेली पट्टी बुडवली आणि तिचा रंग वहीत लिहिला. शेजारी तारीख टाकली आणि पाणी कोणत्या दगडापर्यंत आलं आहे तेही. तेव्हापासून दर महिन्याला लिहितो आहे.