चित्रचरित्रे, लेखांक सातवा : बुद्धाच्या आधी चाप्रा

ओसामु तेझुका यांच्या ‘बुद्ध’ या जपानी चित्रकथेचा पहिला खंड वाचणाऱ्याला बुद्धासाठी बरेच थांबावे लागते. खंडाला नाव कपिलवस्तूचे आहे, पण चारशेच्या आसपास पाने उलटली तरी सिद्धार्थ जेमतेम जन्माला येतो. तोवर पाने व्यापतात दोन मुले. एक चाप्रा, कोसल देशातला गुलाम. दुसरा तत्ता, अस्पृश्य मानलेल्या घरचा, अंगावर धड कपडा नसलेला, जनावरांच्या मनात शिरू शकणारा पोरगा. ही दोन्ही मुले कुठल्याही पाली ग्रंथात सापडत नाहीत, तेझुकांनी ती कल्पनेतून घडवली आहेत. चाप्रा एका सेनापतीचा जीव वाचवतो, जन्म लपवून त्याचा मानलेला मुलगा होतो, नामवंत योद्धा होतो. पुढे त्याचे मूळ उघड होते, तेव्हा तो आईची ओळख नाकारत नाही आणि मायलेक दोघेही जिवाला मुकतात. बुद्धाच्या चरित्राचा पाया तेझुका या मरणावर घालतात.

तेझुकांचा जन्म १९२८चा. शिक्षणाने ते डॉक्टर, पण दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी चित्रकथा काढल्या. आजच्या जपानी चित्रकथेचे वळण बऱ्याच अंशी त्यांच्या हातचे आहे. ‘बुद्ध’ त्यांनी १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षे मासिकांतून क्रमशः लिहिली आणि काढली. सगळी मिळून सुमारे ३ हजार पाने भरतात. इंग्रजी भाषांतर आठ खंडांत आले, त्याला अमेरिकेतला आयझनर पुरस्कार २००४ आणि २००५ अशी लागोपाठ दोन वर्षे मिळाला. भारतात ही इंग्रजी आवृत्ती हार्परकॉलिन्सने काढली.

आपल्याकडे बुद्ध चित्रांतून घरोघरी गेला तो मुख्यतः ‘अमर चित्र कथे’मुळे. १९६७मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेल्या या मालेचा एक अंक साधारण ३२ पानांचा. एवढ्या जागेत जन्म, महाल, चार दृश्ये, गृहत्याग, बोधी आणि निर्वाण बसवायचे, म्हणजे नायकाशिवाय कुणाला फार बोलू देता येत नाही. तेझुकांना पानांची ददात नव्हती. मात्र त्यांनी ती ज्यांच्यावर खर्च केली ते पाहिले की जागेचा हिशेब पुरत नाही. दुःखातून सुटण्याचा मार्ग सांगणारा माणूस आणायचा, तर आधी ते दुःख ज्याच्या पाठीवर बसले आहे तो माणूस दिसला पाहिजे, असे त्यांनी धरले. मला हा निर्णय या साऱ्या कामातला सर्वांत मोठा वाटतो.

रोह्याकडच्या वाचकाने या निर्णयाचा जुना नमुना बघायचा तर कुडे लेण्यांत जावे. रोह्याच्या दक्षिणेला तळा तालुक्यात, मांदाडजवळ, राजपुरी खाडीवर नजर टाकणाऱ्या डोंगरात ही लेणी आहेत. इसवी सनाच्या आगेमागे ती कोरायला सुरुवात झाली, तेव्हा इथे बुद्धाची मूर्ती नव्हती. त्या काळी शिल्पी बुद्ध दाखवायचा तर बोधिवृक्ष, रिकामे आसन, पावले किंवा चक्र दाखवत. कुड्यात पूजेसाठी स्तूप होता. तथागताचा चेहरा नसलेल्या या लेण्यांत नावे मात्र भरपूर आहेत. ब्राह्मी शिलालेखांत दान देणारे बोलतात : मांदव घराण्यातल्या महाभोजांच्या पदरचा लेखक शिवभूती याचा धाकटा भाऊ शिवम, वैद्य सोमदेव, कुणी माळी, कुणी लोखंडाचा व्यापारी, प्रव्रज्या घेतलेल्या स्त्रिया. एका ब्राह्मण उपासकाच्या भायिला नावाच्या बायकोने चैत्यगृह दिल्याचाही लेख आहे. धर्म कुणी उभा केला याचा दाखला तिथे आहे आणि तो माळ्या-वैद्यांच्या नावांचा आहे. पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास महायान पंथीयांनी सहाव्या लेण्यात बुद्धप्रतिमा कोरल्या. चेहरा आला तो इतक्या उशिरा, शेकडो वर्षांच्या वापरातल्या भिंतींवर.

चेहऱ्याचा हा प्रश्न तेझुकांनाही चुकला नाही. हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत उठबस असलेल्या पेणकरांना तो लगेच कळेल. एकाच साच्यातून निघालेल्या गणपतींत एक प्रसन्न आणि दुसरा निर्विकार दिसतो तो डोळ्यांच्या आखणीमुळे, म्हणून ते काम कारखान्यात जाणत्या हाताकडेच जाते. तेझुका सिद्धार्थाची आखणी फार सावकाश करतात. लहानपणी तो अशक्त, सतत आजारी, मरणाच्या विचाराने घाबरणारा आहे, त्याचे डोळे मोठे आणि अस्वस्थ आहेत. ते निवत जातात ते वर्षानुवर्षे, खंडामागून खंड. बोधी मिळाल्यावरही हा माणूस चुकतो, खचतो, रडतो. पूजेतल्या मूर्तीची शांती ज्यांना पहिल्याच चित्रात हवी त्यांचा हिरमोड होईल. शेजारच्या चौकटीत मध्येच आजच्या काळातला विनोद येतो, कधी चित्रकार स्वतःच पात्र होऊन डोकावतो, तेव्हा काही भाविकांना ते खटकेलही. मला त्यात अनादर दिसत नाही. ३ हजार पाने मृत्यूबद्दल बोलायचे, तेही मुलांच्या मासिकात सुरू केलेल्या कथेत, तर वाचकाला अधूनमधून श्वास घेऊ द्यावा लागतो.

कथेचे दार उघडते ते एका सशाने. बर्फात भुकेने कोसळलेला म्हातारा, त्याला जगवू पाहणारे अस्वल, कोल्हा आणि ससा. अस्वल मासे आणते, कोल्हा फळे आणतो, सशाला काही मिळत नाही. तो म्हाताऱ्याला जाळ करायला सुचवतो आणि स्वतः त्यात उडी घेतो. हा प्रसंग जवळजवळ निःशब्द आहे. पाली जातकातली गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. तिथे सशाचे सोबती माकड, कोल्हा आणि पाणमांजर आहेत, याचक म्हणजे वेषांतर केलेला शक्र असतो, आगीने सशाचा केसही जळत नाही आणि शेवटी त्याचे चित्र चंद्रावर काढले जाते. तेझुकांच्या पानावर ससा खरोखर जळतो. त्यांनी चमत्कार काढून घेतला आणि त्यागाची किंमत तेवढी राहू दिली. मग असित ऋषी ही गोष्ट शिष्यांना सांगून विचारतो, याचा अर्थ काय? उत्तर लगेच मिळत नाही.

एका जागी मात्र तेझुका जुन्याच वाटेने गेले. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दर्शने त्यांनी ठेवली, इंग्रजी आवृत्तीच्या दुसऱ्या खंडाला तर नावच त्यांचे आहे. या बाबतीत मराठी वाचक त्यांच्या कितीतरी पुढे होता. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’मध्ये दाखवून दिले होते की पाली सुत्तांत ही कथा विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाची आहे, ती पुढे गौतमाला चिकटवली गेली. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये ती सरळ बाजूला ठेवली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारपण आणि मरण पाहिलेच नसेल हे त्यांच्या बुद्धीला पटणारे नव्हते. त्यांच्या सांगण्यात शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा पेटतो, सिद्धार्थ शाक्य संघात युद्धाला विरोध करतो, बहुमत त्याच्या विरुद्ध जाते आणि तो परिव्रज्या पत्करतो. पाण्यावरून पेटलेला तंटा! २० मार्च १९२७ रोजी याच रायगड जिल्ह्यात, महाडच्या चवदार तळ्यावर, ज्यांनी ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह केला त्यांनीच हे चरित्र लिहिले, हे लक्षात ठेवून ते प्रकरण वाचावे. तेझुकांचे जातिव्यवस्थेचे चित्र त्याच्यापुढे थोडे सोपे ठरते. त्यांनी चार वर्ण एकावर एक मजल्यांसारखे रचले आहेत. एकाच पायरीवरच्या दोन जातीही एकमेकींपासून पाणी कसे वेगळे ठेवतात, तो गुंता त्यांच्या हाती लागलेला नाही. पण जपानमध्ये बसून बुद्धकथेच्या उंबऱ्यावर एका गुलाम पोराला आणि एका अस्पृश्य पोराला उभे करावे, हे ज्या चित्रकाराला सुचले त्याने मर्म ओळखले होते.

संस्थापकाचे चरित्र सांगण्याची अडचण रोह्याला जवळून माहीत आहे. स्वाध्याय परिवाराचे प्रवर्तक पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म रोह्याचा, १९ ऑक्टोबर १९२०चा. १९५४मध्ये जपानमध्ये भरलेल्या धर्मपरिषदेत त्यांनी गीतेचा विचार मांडला होता. ज्यांचे अनुयायी त्यांना ‘दादा’ म्हणून घरातले माणूस मानतात, त्यांच्या चरित्रात काल्पनिक पात्रे घालायची कुणाची छाती होणार? तेझुकांना अडीच हजार वर्षांच्या अंतराने मोकळीक दिली. त्यांच्या चित्रकथेचे प्रकाशक सोका गक्काई या बौद्ध संघटनेशी संबंधित होते, तरी कथेत त्या संघटनेचा प्रचार शोधून सापडत नाही. श्याम बेनेगल यांनी १९९१मध्ये स्वाध्यायावर ‘अंतर्नाद’ काढला तेव्हा पडदा प्रामुख्याने गावकऱ्यांना दिला. कामाने ज्यांचे जगणे बदलले त्यांच्याकडे कॅमेरा वळवायचा, ही वाट मला कुडे लेण्यांतल्या शिलालेखांच्या जवळची वाटते. पेण तालुक्यातल्या गागोद्याच्या विनोबांनी तर गोष्ट सांगण्याच्या फंदात न पडता धम्मपदातल्या गाथाच विषयवार नव्याने लावल्या. त्यांना बुद्ध त्याच्या वचनांच्या क्रमात भेटला.

तत्ताचे पुढे काय होते, हे न सांगता थांबणे बरे नाही. तो मोठा होतो, बुद्धाच्या मागे जातो, त्याच्यावर जीव लावतो. पण कोसलच्या सैन्याने आपली आई आणि बहीण मारली हे तो विसरत नाही. सूड सोड, हे बुद्धाचे म्हणणे तो ऐकतो, त्याला ते समजतेही, आणि तरी शेवटी तो कोसलांवर चालून जातो आणि लढाईत मरतो. बुद्धाला त्याला अडवता येत नाही. संस्थापकाच्या आयुष्यात असे अपयश इतक्या जवळच्या माणसाच्या रूपाने ठेवणारे चित्रचरित्र मी दुसरे वाचलेले नाही. देवदत्त आणि अजातशत्रू यांचे काय केले आहे, तो विषय याहून मोठा आहे. तो पुढच्या आठवड्यात घेऊ. तोवर ज्यांना जमेल त्यांनी पहिले दोन खंड वाचून ठेवावेत.