वेणीची शेवटची वीत

आईच्या लोखंडी ट्रंकेत एक गंगावन होतं. काळ्याभोर केसांचा हातभर झुपका, वरच्या टोकाला दोऱ्याने करकचून बांधलेला. लग्नकार्य आलं की ते तिच्या वेणीत गुंफलं जायचं आणि त्या दिवसाच्या फोटोत वेणी कमरेखाली उतरायची. एरवी तिची वेणी म्हणजे घरच्या भाषेत उंदराचं शेपूट. ते शेपूट मला वारशाने मिळालं. जास्वंदीचं तेल, माका, कांद्याचा रस, वडाच्या पारंब्या उकळून केलेलं काळंकुट्ट तेल, सगळं डोक्यावर थापून झालं. वेणी मात्र खांद्याखाली वीतभर उतरायची आणि तिथेच थांबायची.

मुळात 'पातळ केस' या शब्दातच एक गोंधळ आहे. एकेक केस सुटा धरून पाहिला तर तो बारीक असू शकतो. किंवा केस चांगला जाड असतो, पण डोक्यावर संख्येनेच कमी, म्हणजे विरळ. दोन्हींना आपण पातळच म्हणतो आणि दोन्हींवर एकच तेल ओततो. डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. एका बाईचा केस ५० मायक्रॉन जाडीचा आणि दुसरीचा ८० मायक्रॉनचा असेल (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर संख्या तेवढीच असूनही दुसरीची वेणी अडीचपट भरते, कारण हिशेब जाडीच्या वर्गाने होतो. एकेका केसाची ताकदही साधारण याच हिशेबाने कमी-जास्त होते. केसाची ही जाडी बव्हंशी आनुवंशिक असते. कुठलंही तेल ती वाढवत नाही. बाटलीवर काहीही छापलेलं असो.

लांबीचं गणित वेगळं. डोक्यावरचा केस महिन्याला १ सेंटिमीटरच्या थोडा वर, म्हणजे वर्षाला सुमारे १५ सेंटिमीटर वाढतो. पण तो आयुष्यभर वाढत नाही. प्रत्येक केसाचं मूळ २ ते ६-७ वर्षं काम करतं, मग दोन-तीन आठवड्यांत आवरतं घेतं, तीनेक महिने विश्रांती घेतं, आणि जुना केस गळून त्याच जागी नवा उगवतो. मूळ ३ वर्षंच काम करत असेल तर केस ४५ सेंटिमीटरवर थांबणार, ६ वर्षं करत असेल तर ९० पर्यंत जाणार. उत्तर प्रदेशातल्या स्मिता श्रीवास्तव यांच्या केसांची २३६ सेंटिमीटर लांबी गिनेस बुकात २०२३ मध्ये नोंदली गेली. याच वेगाने धरलं तर त्यांचे सर्वांत लांब केस जवळपास १६ वर्षं अखंड वाढलेले असणार. अशी मुळं जन्मतःच मिळावी लागतात. आपल्यापैकी बहुतेकींची वेणी मात्र या नैसर्गिक मर्यादेच्या बरीच अलीकडे अडते. का अडते, ते कंगव्यातच दिसतं.

विंचरून झाल्यावर कंगव्यातले चार केस पांढऱ्या कागदावर ठेवा. एका टोकाला बारीकसा पांढरा ठिपका दिसला तर केस मुळापासून गळला. दोन्ही टोकं नुसतीच असतील आणि केस आखूड असेल, तर तो गळलेला नाही, तुटला आहे. गळणं आणि तुटणं हे दोन निराळे आजार आहेत, पण दुकानात दोन्हींना 'हेअरफॉल' असं एकच नाव मिळतं.

आधी गळण्याचं. दिवसाला ५० ते १०० केस गळणं अगदी ठीक. दोन दिवसांनी एकदा विंचरलं तर पुंजका दुप्पट दिसणार, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एकदम मूठमूठ केस येऊ लागले तर दोन ते चार महिने मागे जाऊन आठवा: मोठा ताप, ऑपरेशन, उपासमारीचं डाएट, बाळंतपण? त्या धक्क्याने बरीच मुळं एकदम विश्रांतीला जातात आणि केस गळतात ते नंतर. बाळ हसायला लागलं की आईचे केस जातात, असं जुन्या बायका म्हणत. त्यात बाळाच्या हसण्याचा दोष काही नाही, पण वेळ त्यांनी अचूक हेरली होती. गरोदरपणात संप्रेरकांमुळे थांबून राहिलेले केस बाळंतपणानंतर तीनेक महिन्यांनी एकत्र गळतात, आणि बाळ त्याच सुमारास हसू लागतं. हे केस बहुतेक वेळा परत येतात.

भांग रुंदावत चालला असेल तर मात्र तेल बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं आणि त्यांच्या सल्ल्याने लोह, थायरॉइड तपासून घ्यावं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. एवढ्या मोठ्या संख्येपुढे केसांच्या गोळ्यांच्या जाहिरातींत लोहापेक्षा बायोटिनचा गजर का, हे कोडंच आहे. बायोटिनची खरी कमतरता दुर्मीळ. उलट ते मोठ्या मात्रेत घेतल्याने रक्ततपासण्यांचे आकडे चुकू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१७ मध्ये दिला होता. काही गोळ्यांत सेलेनियमही असतं आणि ते जास्त झालं तर केस जातात. २०२५ च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यात शेगावच्या आसपास काही गावांत लोकांना अचानक टक्कल पडू लागलं. तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांना तपासणीत सेलेनियमच वाढलेलं आढळलं, आणि त्यांनी बोट ठेवलं रेशनच्या गव्हावर.

बारीक केसांच्या बहुतेक वेण्या अडतात त्या मात्र तुटण्यामुळे. केसावर कौलारू छपरासारखे एकावर एक खवले असतात आणि ताकद असते ती आतल्या गाभ्यात. बारीक केसातही खवल्यांचं कवच साधारण तेवढंच जाड असतं, त्यामुळे गाभ्याच्या वाट्याला जागा कमी येते. त्यात केस मृत असतो. झिजलेला खवला पुन्हा येत नाही. ६० सेंटिमीटरच्या वेणीचं टोक ४ वर्षांचं असतं. त्याने ४ उन्हाळे पाहिले, शेकडो न्हाणी सोसली, हजारभर वेळा कंगवा खाल्ला. बारीक सुताची जुनी साडी आपण दगडावर आपटत नाही. वेणीच्या शेवटच्या विताला तीच वागणूक हवी. आईचं ते गंगावन मी मध्यंतरी काढून पाहिलं. तोही मृत केसच, वयाने माझ्याएवढा, आणि तरी जवळजवळ तसाच. त्याला कोणी रोज विंचरलं नाही, की शाम्पू लावला नाही.

पाणीही केसाचं बरंच नुकसान करतं. भिजलेला केस जाडीत १५ टक्क्यांच्या आसपास फुगतो, खवले उचलले जातात, आणि वाळताना सगळं पुन्हा आकसतं. न्हाण्याआधी तेल लावायची आपली रीत इथे कामी येते. मुंबईच्या मॅरिको कंपनीतले आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचं आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसातून निघून जाणारं प्रथिन कमी झालं ते फक्त खोबरेलाने. त्यातल्या लॉरिक आम्लाची साखळी लहान आणि सरळ असते, म्हणून ती केसात शिरते. खोबरेल विकणाऱ्या कंपनीनेच हा शोध लावावा याचं हसू येईल, पण कारण पटण्याजोगं आहे.

फक्त आपण तेल चुकीच्या जागी लावतो. टाळूजवळचा केस महिन्याभराचा, ताजा, आणि त्वचेचं स्वतःचं तेल त्याला मिळतंच. बारीक केस त्यानेच चटकन चिपकतात. शिवाय कोंडा करणारी बुरशी तेलावर पोसते. तेव्हा खोबरेलाचे चार थेंब खालच्या अर्ध्या वेणीला, धुण्याआधी तासभर, एवढं पुरे. शाम्पू टाळूला, कंडिशनर टोकांना. कंडिशनरमधले धनभारित कण केस जिथे जास्त झिजलाय तिथेच जास्त चिकटतात, त्यामुळे थोडंसं पुरतं. अंगाचा साबण केसांना नकोच. तो अल्कधर्मी, त्यात बोअरचं क्षाराचं पाणी, मग केसांवर चिकट थर बसतो. शिकेकाईचं पाणी किंचित आम्लधर्मी असल्याने खवले त्यामानाने बसलेले राहतात, पण भरड पूड केसांवर चोळू नये. नंतर खसाखसा न पुसता पंचा गुंडाळून ठेवावा. ओल्या केसात फणी घालू नये, कारण भिजलेला सरळ केस ताणला जाऊन तुटतो. ओलसर झाल्यावर रुंद दातांच्या कंगव्याने आधी टोकांचा गुंता काढावा, मग वर यावं. रात्री सैल वेणी. घट्ट रबरबँड रोज एकाच जागी बांधला तर कानशिलाजवळची मुळंच उखडतात. गंगावनाच्या ओढीनेही तेच होतं, म्हणून ते लग्नापुरतंच बरं.

जावळ काढल्याने केस दाट होत नाहीत. वस्तऱ्याने दाढी दाट होत नाही हे मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन संशोधिकेने १९२८ मध्येच मोजून दाखवलं होतं. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून हाताला जाड लागतं. केस कापल्याने वाढतही नाहीत. पण फाटे फुटलेला केस वर चिरत जातो आणि तो जोडणारं सीरम अजून निघालेलं नाही, म्हणून तीन महिन्यांनी एकदा सेंटिमीटरभर टोकं छाटावीत. वर्षाला १५ वाढले, ४ गेले, ११ उरले. खांद्यापासून कमरेपर्यंत साधारण ४० सेंटिमीटर अंतर असतं, म्हणजे साडेतीन वर्षांहून थोडं जास्त.