‘रानात चरलेले’ मांस खरेच वेगळे असते का?

तलमडुगु (जि. आदिलाबाद) : कापसाची शेवटची वेचणी आटोपून उलंगवाडी झाली, की या भागात गुरे आणि शेळ्या-मेंढ्या पऱ्हाटीच्या शेतांत सोडल्या जातात. उरलेली पाने, हिरवी बोंडे आणि बांधावरचे गवत यांवर त्यांचे काही आठवडे निघतात. शहरांतील दुकानांतून आणि घरपोच मांस पुरविणाऱ्या ॲपवरून ‘ग्रास-फेड’ म्हणजे ‘गवतावर वाढलेले’ अशी चिठ्ठी लावून जे मांस चढ्या दराने विकले जाते, ते याच अर्थाने आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. मग त्या चिठ्ठीसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का, हा प्रश्न रास्त ठरतो.

हा भेद मुळात कोठला?

हा वाद अमेरिकेतून आला. तेथे मांसासाठी वाढविलेली बहुतेक गुरे सुरुवातीला कुरणात चरतात आणि अखेरचे चार ते सहा महिने मोठ्या बंदिस्त गोठ्यांत मका व अन्य धान्यावर पोसली जातात. धान्याने वजन झपाट्याने वाढते आणि स्नायूंत चरबी मुरते. अखेरपर्यंत केवळ चाऱ्यावर राहिलेल्या जनावराला तेथे ‘ग्रास-फेड’ म्हणतात. मात्र या शब्दाचे जे शासकीय मानक अमेरिकेच्या कृषी खात्याने ठरविले होते, तेच जानेवारी 2016 मध्ये मागे घेण्यात आले.

आपल्याकडे परिस्थिती निराळी आहे. तेलंगणात लागू असलेल्या 1977 च्या कायद्यानुसार गाईच्या कत्तलीस मनाई असून बैल आणि म्हैसवर्गीय जनावरांसाठी सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. शेजारच्या महाराष्ट्रात मार्च 2015 पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे ‘बडे’ म्हणून विकले जाते ते प्रामुख्याने म्हशी-रेड्याचे मांस. ही जनावरे मुळात दुधासाठी वा कामासाठी पाळलेली असतात. त्यांचे खाणे म्हणजे गवत, ज्वारीचा कडबा, तुरीचे कुटार आणि थोडी सरकीची ढेप. मटणाची गोष्टही फारशी वेगळी नाही. 2019 च्या पशुगणनेनुसार सुमारे 1.91 कोटी मेंढ्यांसह तेलंगण देशात पहिल्या क्रमांकावर आहे आणि येथील मेंढपाळी परंपरेने चराईवरच चालत आली आहे. तेव्हा ‘चराऊ’ ही आपल्याकडे अपूर्वाई नव्हे.

पोषणात फरक किती?

फरक आहे, पण तो जाहिरातीत दिसतो तेवढा मोठा नाही. हिरव्या गवतावरील जनावराच्या मांसात एकूण चरबी कमी असते. ओमेगा-3 मेदाम्ले, ई जीवनसत्त्व आणि कॅरोटिन यांचे प्रमाण जास्त असते. ओमेगा-6 आणि ओमेगा-3 यांचे परस्परप्रमाण गवतावरील गोमांसात साधारण दीड ते दोनास एक, तर धान्यावरील गोमांसात सात-आठास एक असल्याचे तुलनात्मक अभ्यासांतून दिसून आले आहे. प्रथिने, लोह आणि बी-12 जीवनसत्त्व मात्र दोहोंत जवळपास सारखेच असते.

परंतु परस्परप्रमाण ही एक गोष्ट आणि प्रत्यक्ष मात्रा ही दुसरी. गवतावर वाढलेल्या 100 ग्रॅम कमी चरबीच्या मांसातून मिळणारे ओमेगा-3 साधारणतः 100 मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. जवसाच्या 10 ग्रॅम चटणीत वनस्पतिजन्य ओमेगा-3 दोन ग्रॅमच्या घरात जाते. ते शरीरात माशातील ओमेगा-3 इतके प्रभावी ठरत नाही, हे खरे. तरीही केवळ या एका घटकासाठी महाग मांस घेण्यात अर्थ नाही.

दुसरी बाब ऋतूची. हे गुण येतात ते हिरव्या गवतातून. गवत वाळले, की त्यातील कॅरोटिन आणि ओमेगा-3 दोन्ही घटतात. म्हणजे श्रावणात चरलेले जनावर आणि वैशाखात कडब्यावर तगलेले जनावर, दोन्ही ‘गवतावरचीच’. पण त्यांचे मांस सारखे नसते. पिवळसर चरबी ही चराईची खूण, असेही सांगितले जाते. गाईबैलांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. म्हैस आणि शेळी मात्र कॅरोटिनचे रूपांतर अ जीवनसत्त्वात करून टाकतात, त्यामुळे त्यांची चरबी पांढरीच राहते. आपल्या बाजारात ही कसोटी निरुपयोगी आहे.

चराई म्हणजे शुद्धता नव्हे

आदिलाबादसारख्या कापूसपट्ट्यात खरा प्रश्न येथे आहे. ज्या पऱ्हाटीत जनावर चरते, तिच्यावर हंगामभर कीटकनाशके फवारलेली असतात. ती किती जहाल असू शकतात, हे 2017 मध्ये लगतच्या यवतमाळ जिल्ह्याने अनुभवले. तेथे फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला. 2006 मध्ये वरंगल जिल्ह्यात कापसाच्या शेतात चरल्यानंतर मेंढ्या दगावल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. बीटी वाण हे त्याचे कारण असल्याचे शासकीय पातळीवर मान्य झाले नाही. परंतु फवारलेल्या शेतात जनावर सोडण्याविषयीची सावधगिरी त्यामुळे अनावश्यक ठरत नाही.

गायराने आक्रसत चालली, की जनावर रस्त्याकडेच्या गाजरगवताकडे आणि घाणेरीकडे वळते. गाजरगवताने दुधामांसाला कडवट वास येतो, तर घाणेरीने यकृताला इजा होते. उकिरड्यावरचे प्लास्टिक पोटात गेले, तर तेही ‘मोकाट चराई’तच मोजले जाते. उलट गोठ्यात बांधलेल्या जनावराला स्वच्छ पाणी, निवडक चारा आणि वेळेवर औषधोपचार मिळत असेल, तर ते कमी प्रतीचे मानण्याचे कारण नाही.

पर्यावरणाचा हिशोबही सरळ नाही. धान्यावरील जनावर लवकर वाढते, त्यामुळे किलोमागे मिथेन वायू कमी पडतो. पण त्यासाठी माणसाला खाता येईल असे धान्य आणि जमीन खर्ची पडते. कडबा-कुटारावर जगणारे जनावर माणसाच्या ताटातले काही घेत नाही, ही आपल्या जुन्या पद्धतीची जमेची बाजू होय.

घेणाऱ्याने काय विचारावे?

चिठ्ठीपेक्षा प्रश्न उपयोगी पडतात. जनावर कोठे चरले, त्या शेतात अखेरची फवारणी कधी झाली, प्रतिजैविक दिले असल्यास नंतर ठरलेले दिवस थांबले का आणि कत्तलीपूर्वी पशुवैद्यकाची तपासणी झाली का, एवढे विचारावे. ओळखीचा विक्रेता यांची उत्तरे देऊ शकतो. छापील चिठ्ठी देऊ शकत नाही.

चराऊ आणि वयस्क जनावराचे मांस चिवट असते, ते मंद आचेवर अधिक वेळ शिजवावे. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये लाल मांसाला ‘संभाव्य कर्करोगकारक’ ठरविले, तेव्हा गवत आणि धान्य असा भेद केलेला नव्हता. आठवड्याला शिजवलेले 350 ते 500 ग्रॅम ही मर्यादा दोहोंनाही लागू आहे.

आणि ज्याच्या जनावराच्या नावावर ही चिठ्ठी विकली जाते, त्या शेतकऱ्याला हवे आहे ते शाबूत गायरान आणि विषमुक्त बांध. ती दोन्ही राहिली, तरच ‘रानात चरलेले’ या शब्दांना अर्थ उरेल.