बटाटा आणि पालाश : काही रूढ गैरसमज

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर खरिपाचा पाऊस होऊन वाफसा येताच बटाट्याच्या लागणीची जी लगबग उडते, तीत बेण्याच्या दराची आणि पावसाच्या लक्षणांची चर्चा भरपूर होते. पालाशाची आठवण मात्र खालच्या पानांच्या कडा तांबूस होऊन करपू लागल्या म्हणजेच होते. ‘पालाश हे बटाटा पोसताना द्यावयाचे खत’ ही समजूत या विलंबाच्या मुळाशी आहे, आणि तीत अर्धे सत्य असल्यामुळेच ती इतकी चिवट ठरली आहे. पिकाची पालाशाची भूक लागणीनंतर साधारण ४० ते ७५ दिवसांच्या काळात सर्वाधिक असते हे खरे. परंतु पालाश नत्राप्रमाणे पाण्याबरोबर सहज वाहत नाही, ते मातीच्या चिकण कणांना धरून राहते, आणि वरंब्यावर उशिरा टाकलेले खत मुळांच्या कक्षेत वेळेवर उतरत नाही. म्हणून मध्यम व भारी जमिनीत ते लागणीच्याच वेळी सरीत पडले पाहिजे. हलक्या, रेताड जमिनीत तेवढा अर्धा हिस्सा मातीची भर लावण्यापर्यंत राखून ठेवणे रास्त होय.

‘फवारणीने ही उणीव भरून निघते’ असे म्हणणाऱ्यांनी एकदा हिशेब मांडून पाहावा. एकरी २०० लिटर पाण्यात ०:०:५० हे खत एक टक्का प्रमाणात घेतले, तर २ किलो खत लागते व त्यातून पालाश मिळते अवघे १ किलो; उलट एकरी १० टन बटाटा शेताबाहेर गेला की त्याबरोबर ५० किलोंच्या आसपास पालाश जाते. फवारणी तात्पुरता आधार देईल, जमिनीतील मात्रेची जागा ती घेऊ शकत नाही.

पालाशाच्या खतांपैकी सल्फेट (सल्फेट ऑफ पोटॅश) श्रेष्ठ आणि म्युरेट (म्युरेट ऑफ पोटॅश) घातक, हा भेदही असाच सरसकट केला जातो. म्युरेटमध्ये ६० टक्के पालाश असते, सल्फेटमध्ये ५० टक्के व शिवाय गंधक. म्युरेटमधील क्लोराइडमुळे बटाट्यातील घन अंश काहीसा घटतो. तेव्हा वेफर्सच्या कारखान्यासाठी पिकविणाऱ्याने महागड्या सल्फेटचा खर्च सोसावा. भाजीच्या बटाट्याला बहुधा म्युरेट पुरते; मात्र ते कापलेल्या बेण्याला चिकटू देऊ नये, बाजूला व किंचित खाली घालावे, नाहीतर क्षारांनी कोंब जळतो.

काळ्या जमिनीत पालाश मुबलक असते म्हणून ते मुळीच नको, हेही माती-परीक्षणावाचून ठरवू नये; ज्वारीला जे पुरते ते बटाट्याला पुरेलच असे नाही. उलट अतिरेकाने मॅग्नेशियमचे शोषण अडते आणि बटाटा पाणचट होतो. पालाशाची उणीव राहिली तर काढणीनंतरही ती उघडी पडते : गोणी गाडीतून आदळली की बटाट्याची साल अखंड दिसते, आणि सोलल्यावर आत निळसर-काळा डाग सापडतो.