संकेतस्थळ सर्वांसाठी

एखादे संकेतस्थळ एका संगणकावर नीट दिसले, म्हणजे ते सर्वांना वापरता येईल असे नाही. मराठी वाचकांना याचा अनुभव सुरुवातीलाच आला. त्या काळी अनेक संकेतस्थळे वाचण्यासाठी विशिष्ट फॉन्ट संगणकावर असावा लागे. तो नसल्यास मराठीऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसत. काही संकेतस्थळे तर केवळ इंटरनेट एक्सप्लोररमध्येच नीट उघडत. युनिकोडमध्ये देवनागरीतील प्रत्येक वर्णाला आणि चिन्हाला जगभर एकच क्रमांक असल्याने त्याच्या वापरामुळे फॉन्टची ही अडचण बरीचशी दूर झाली.

दृष्टिहीनांसमोरील अडथळे मात्र आजही कायम आहेत. स्क्रीन रीडर ही प्रणाली पडद्यावरील मजकूर वाचून दाखवते. पण सूचना चित्ररूपात असल्यास ती अनेकदा निरुपयोगी ठरते. यासाठी चित्राला शब्दांत वर्णन जोडणे, अर्जातील प्रत्येक रकान्याला नाव देणे आणि माऊसविना केवळ कळफलकाने काम करता येणे आवश्यक असते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने अशी मार्गदर्शक तत्त्वे १९९९ मध्येच प्रसिद्ध केली होती.

भारतात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. केवायसी पडताळणीत डोळ्यांची उघडझाप करण्याची अट दृष्टिहीनांना आणि अ‍ॅसिडहल्ल्यात डोळे गमावलेल्यांना पूर्ण करता येत नव्हती. डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ नुसार जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्वाळा न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिला. त्यामुळे सुलभ रचना ही आता केवळ सौजन्याची बाब राहिलेली नाही.