पुकिना भाषा व तिचें कुल

दक्षिण अमेरिकेंतील तितिकाका सरोवराच्या आसमंतांत व तेथून नैर्ऋत्येस आरेकिपा, मोकेग्वा या प्रांतांत पूर्वीं पुकिना नांवाची भाषा चालत असे. सांप्रत ती बोलणारें एकही माणूस उरलेलें नाहीं. पेरूचा स्पॅनिश सुभेदार फ्रान्सिस्को द तोलेदो यानें इ. स. १५७५ त दुभाष्याच्या नेमणुकीसंबंधीं काढलेल्या हुकुमांत केचुआ व आयमारा यांच्या जोडीस पुकिनेची गणना देशांतील मुख्य भाषांत केली आहे. एवढ्या भाषेचा सलग मजकूर आज एकाच छापील ग्रंथाच्या कांहीं पानांवर काय तो शिल्लक आहे. तेवढ्यावरून तिचें कुल कसें शोधावें, हा प्रश्न जुन्या कागदांशीं परिचय असणाऱ्या वाचकांस विचारार्ह वाटेल.

हा ग्रंथ म्हणजे लुइस हेरोनिमो द ओरे या फ्रान्सिस्कन साधूनें इ. स. १६०७ त नेपल्स येथें छापविलेलें ख्रिस्ती संस्कारविधींचें पुस्तक होय. आलोन्सो द बार्साना या जेसुइट पाद्र्यानेंही पुकिनेवर लेखन केलें होतें. पण तें हरवलें. ओरेच्या पुस्तकांत त्याच प्रार्थना व तेच प्रश्न इतर भाषांतही दिले असल्यामुळें पुकिना मजकुराचा अर्थ ताडून पाहतां येतो. मात्र लेखनांत एकवाक्यता नाहीं, व मुद्रणदोषही आहेत. या पानांवरून राऊल द ला ग्रासरी यानें इ. स. १८९४ त भाषेचें व्याकरण व शब्दसंग्रह जुळविला.

पुढें नामसादृश्यानें घोटाळा केला. सरोवराच्या परिसरांतील उरू नांवाचे मासेमारी करणारे लोक आपल्या भाषेसही पुकिना म्हणत. त्यामुळें दोन्ही भाषा एकच समजल्या गेल्या. क्रेकी-मोंफोर व रिवे यांनीं इ. स. १९२५ ते १९२७ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या विस्तृत निबंधाच्या मथळ्यांतच ‘उरू किंवा पुकिना’ असें म्हटलें आहे. वस्तुतः ओरेच्या मजकुराशीं उरू शब्द ताडून पाहतां दोहोंचें व्याकरण निराळें ठरतें. उरू ही बोलिव्हियांतील चिपाया भाषेची भगिनी होय. पुकिना तिच्या कुळांतील नव्हे. आल्फ्रेदो तोरेरो प्रभृति अभ्यासकांनीं हा भेद पुढें विशद केला.

मग पुकिनेचें कुल कोणतें? तिच्यांत ‘माझा’ या अर्थीं ‘नो’ व ‘तुझा’ या अर्थीं ‘पो’ हीं रूपें येतात. अरावाक कुळांतील अनेक भाषांत याच अर्थीं ‘नु’ व ‘पि’ हे उपसर्ग आहेत. हें साम्य लक्षणीय खरें. पण शब्दसंग्रहाचा मोठा भाग त्या कुळाशीं जुळत नाहीं. म्हणून ती भाषा एकाकी समजावी, व अरावाकाशीं दूरचें नातें संभाव्य मानावें, एवढाच निर्णय सावध अभ्यासक देतात.

दुसरा साक्षीदार कायावाया वैद्यांची गुप्त बोली हा होय. बोलिव्हियांतील चारासानीच्या परिसरांत फिरतीचा वैद्यकी व्यवसाय करणाऱ्या या लोकांच्या बोलींत अनेक शब्द पुकिनेचे, पण प्रत्यय केचुआचे आहेत. आमच्या बखरींत फारसी शब्दांची गर्दी असली तरी विभक्ति व क्रियापदें मराठीच असल्यामुळें त्यांची भाषा कोणी फारसी म्हणत नाहीं. त्याच न्यायानें, कायावाया बोली पुकिनेचे शब्द पुरवील, पण पुकिनेच्या व्याकरणाची साक्ष देऊं शकणार नाहीं.

यावरून दोन गोष्टी संग्राहकांनीं ध्यानांत घ्याव्या असें आम्हांस वाटतें. रुमालावर लिहिलेलें नांव हा आंतील कागदाचा पुरावा नव्हे. आंतील अक्षर वाचल्यावांचून वर्गवारी करूं नये. आणि अशुद्ध, अपुरें म्हणून कोणतेंही पान टाकूं नये. ओरेचीं तीं सदोष पानें कोणीं टाकून दिलीं असतीं, तर पुकिनेचें नांव तेवढें राहिलें असतें, आणि तें नांव उरू भाषेवरच चिकटलेलें असतें.